उसने नाव, खोटा हिशेब

'कर' हा शब्द दिसला की कला शाखेचा विद्यार्थी पान उलटतो. तो विषय वाणिज्यवाल्यांचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेतील खाते, सुट्टीतील तात्पुरती नोकरी अशा निमित्ताने आपल्या पॅन कार्डाच्या झेरॉक्स प्रती आपण किती ठिकाणी देऊन आलो, हे आठवून पाहावे. मला आकडा सांगता आला नाही. म्हणूनच हा लेखप्रपंच.

पॅन म्हणजे पाच अक्षरे, चार अंक आणि शेवटी एक अक्षर. या दहा चिन्हांखाली आपल्या नावाचे आर्थिक व्यवहार सरकारदरबारी नोंदले जातात. ती चिन्हे लबाडाच्या हाती पडली तर काय होते?

१ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. या पद्धतीत व्यापाऱ्याला खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून वजा करता येतो. एक लाखाच्या मालावर १८ टक्के दराने त्याने १८ हजार दिले असतील, तर पुढे तेवढी रक्कम त्याला कमी भरावी लागते. एकाच मालावर पुन्हा पुन्हा कर बसू नये, हा त्यामागील हेतू. पण येथेच फट सापडते. माल नाही, गोदाम नाही, फक्त बिल! असे बिल देण्यासाठी कागदोपत्री एक पेढी लागते आणि पेढीला मालक लागतो. मग एखाद्या मजुराचे, बेकार तरुणाचे किंवा विद्यार्थ्याचे नाव पुढे केले जाते. कधी कागद चोरलेले असतात. कधी 'नोकरी लावतो', 'कर्ज मिळवून देतो' अशा थापा मारून घेतलेले असतात. कधी चार पैशांसाठी माणूस ते आपणहून देतो. कर बुडविणारा नामानिराळा राहू पाहतो आणि लाखोंच्या वसुलीची नोटीस रोजंदारीवर जगणाऱ्याच्या दारात येते. अशा बोगस नोंदण्या हुडकण्यासाठी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात देशभर खास मोहीम काढावी लागली.

दुसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो. नोकरदाराचा आयकर पगारातूनच कापला जातो. वर्षअखेर विवरणपत्र भरताना विमा, देणगी, घरभाडे, शैक्षणिक कर्जाचे व्याज यांवरील सवलती मागता येतात आणि कर जास्त कापला गेला असेल तर परतावा मिळतो. विवरणपत्रासोबत पावत्या जोडाव्या लागत नाहीत. करदात्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो. या विश्वासाचाच काही जण धंदा करतात. 'तुमचा परतावा काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे,' असे सांगून ते न दिलेली देणगी आणि न भरलेले भाडे दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशात सुमारे दीडशे ठिकाणी याचीच तपासणी केली. विवरणपत्रे घाऊक भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते उघडून ते पुढे सोडून दिले जात. त्यामुळे नोटिसा करदात्यापर्यंत पोचतच नसत, असे तेव्हा उघड झाले. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतले होते.

येथे दोष कोणाचा? कायद्याच्या दृष्टीने विवरणपत्र करदात्याचे. 'मला त्यातले कळत नाही' या सबबीने जबाबदारी टळत नाही. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचे ठरले तर बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. कर व व्याज वेगळेच. पण नीतीच्या दृष्टीने भरून देणाऱ्याचा दोष मोठा, कारण तो जाणता असतो आणि समोरचा त्याच्या भरवशावर असतो. परताव्यावर टक्केवारी ठरली की आकडा फुगविण्याचा मोह आलाच. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यात, काही अपवाद वगळता, निकालावर अवलंबून किंवा टक्केवारीने फी घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन मानले आहे, ते उगीच नव्हे. मात्र गल्लीतल्या दुकानात अर्ज भरून देणारा प्रत्येक जण सनदी लेखापाल नसतो.

कायद्याने दिलेली सवलत घेणे हा आपला हक्क आहे. न केलेला खर्च दाखवणे हे असत्य आहे. 'सगळेच करतात' म्हटल्याने ते सत्य होत नाही. एकाने बुडविलेल्या कराचा भार अखेर प्रामाणिकपणे भरणाऱ्यावरच येतो.

तेव्हा मित्रहो, थोडी काळजी घेऊ या. झेरॉक्स देताना तिच्यावर कारण व तारीख लिहून सही करावी. ओटीपी कोणाला सांगू नये. आयकराच्या संकेतस्थळावर स्वतःचाच मोबाईल व ईमेल नोंदवावा आणि तेथील वार्षिक माहिती विवरण अधूनमधून पाहावे. आपल्या नावावरचा अनोळखी व्यवहार तेथे दिसू शकतो. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर पॅन घालून आपल्या नावे कोणी पेढी तर थाटली नाही ना, हेही पाहता येते. तसे आढळल्यास ताबडतोब तक्रार करावी. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर होणार आहोत. उद्या आईवडील, शेजारी आपल्याकडेच अर्ज घेऊन येतील. तेव्हा चार गोष्टी वाचून दाखवून, विचारून, खरे तेच लिहावे. लिहिता येणाऱ्याच्या हाती न येणाऱ्याचे नाव असते. ते जपणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.