कोब्यावरचा रंग का सुटतो?

बंगल्याच्या गॅरेजमधील सिमेंटची जमीन कितीही वेळा झाडली तरी केरसुणीबरोबर पांढुरकी पूड येतच राहते. गाडीतून गळलेल्या तेलाचा डाग साबणाने जात नाही. पावसाळ्यात कडेने ओल येते आणि ती वाळली की लोणा फुटतो. यावर उपाय म्हणून जमिनीला रंगाचा किंवा इपॉक्सीचा थर देतात. एखाद्या घरी तो कित्येक वर्षे टिकतो, तर शेजारच्याच घरी एका पावसाळ्यात पापडासारखा सुटून येतो. रंगाचा डबा तोच, कारागीरही तोच! मग फरक कुठे पडला? तो बहुतेक वेळा रंगात नसतो, रंगाखालच्या काँक्रीटमध्ये असतो. गॅरेजची जमीन आणि शाळेच्या व्हरांड्याचा कोबा यांचे रसायनशास्त्र एकच असल्यामुळे पुढे दिलेल्या बऱ्याच गोष्टी शाळेतही पडताळून पाहता येतील.

सिमेंट वाळून घट्ट होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते. म्हणून तर नव्या कोब्यावर पाणी मारत राहावे लागते. 50 किलोच्या एका पोत्यातील सिमेंटला या क्रियेसाठी सुमारे 12 लिटर पाणी लागते. पण तेवढ्यावर काँक्रीट कालवताच येत नाही. म्हणून प्रत्यक्षात 25 ते 30 लिटर पाणी घालतात, आणि गवंड्याला घाई असेल तर त्याहूनही जास्त. हे जादा पाणी पुढे हळूहळू उडून जाते आणि आपल्या जागी केसाहून बारीक नलिकांचे जाळे ठेवून जाते. दगडासारखा दिसणारा कोबा आतून असा सच्छिद्र असतो. तेलाचा डाग आत मुरतो तो या नलिकांतून, आणि जमिनीखालची ओल वर चढते तीही यांतूनच. दिव्याच्या वातीत तेल चढते तीच ही केशाकर्षणाची क्रिया.

पूड का निघते, याचे उत्तरही पाण्यातच आहे. काँक्रीट ओतल्यावर जड खडी-वाळू खाली बसू लागते आणि पाणी वर येते. येताना ते सिमेंटचे व वाळूचे अतिसूक्ष्म कण घेऊन येते. हे पाणी पृष्ठभागावर असतानाच थापी फिरवली, तर वर एक गुळगुळीत पण कमकुवत साय तयार होते. त्यावर नीट पाणी मारले गेले नाही तर ही साय क्रिया पुरी होण्याआधीच वाळते. पुढे वर्षानुवर्षे झिजत राहते ती हीच. अशा जमिनीवर रंग देणे म्हणजे पीठ सांडलेल्या टेबलावर चिकटपट्टी लावणे. वर्गात हे करून दाखवावे. पट्टी उचलल्यावर तिच्या चिकट बाजूला पीठ दिसते. गोंद उत्तम असतो. पण पिठाने टेबल सोडलेले असते.

आता दुसरी अडचण. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू 12.5 ते 13 इतका चढा असतो. काँक्रीटचा ताजा फोडलेला तुकडा घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले तर तो गडद गुलाबी होतो. तुकडा जुना असेल तर बाहेरची कड मात्र रंगहीन राहते, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडने तेथील चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट करून टाकलेले असते. घरात उरलेला ऑइलपेंट कोब्यावर फासला तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. तेल आणि अल्कली एकत्र आल्यावर साबण होतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले असते. ओलसर कोब्यावर नेमके तेच होते. रंग मऊ, चिकट होऊन सुटतो. इपॉक्सीच्या रेणूत अल्कलीने तुटणारे असे बंध नसतात, म्हणून काँक्रीटसाठी तिची निवड होते.

पण इपॉक्सीलाही खालून येणारे पाणी सोसत नाही. रंग नसताना जमिनीतील बाष्प निमूटपणे हवेत निघून जात असते, म्हणून कोबा कोरडा वाटतो. वर अभेद्य थर बसला की बाष्प त्याखाली अडते. तेथे पाणी साठते, क्षार विरघळतात, परासरणाने आणखी पाणी ओढले जाते आणि थराला फोड येतात. असा फोड टोचला तर आतून पाणी उडते. शेणाने सारवलेली जमीन आठवून पाहा. सारवणही धूळ बसवणारा एक थरच. पण तो बाष्प अडवत नाही, आणि झिजला की पुन्हा सारवता येतो. टिकाऊपणात तो इपॉक्सीच्या जवळपासही नाही, हे खरे. पण ओलीशी त्याचे भांडण नाही.

म्हणून रंगाच्या दुकानात जाण्याआधी दोन साध्या चाचण्या कराव्यात. पहिली थेंबाची. स्वच्छ कोब्यावर पाण्याचे थेंब टाकावेत. ते मिनिटाभरात मुरले तर छिद्रे उघडी आहेत. मोत्यासारखे तसेच राहिले तर तेथे तेल किंवा जुना थर आहे आणि नवा थर धरणार नाही. दुसरी चाचणी प्लॅस्टिकची. सुमारे 45 सें.मी. लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडा चिकटपट्टीने बंद करून जमिनीवर लावावा आणि निदान 16 तास तसाच ठेवावा. खालच्या बाजूला पाणी जमले किंवा कोबा काळपट झाला, तर बाष्प वर येत आहे. नव्या काँक्रीटला तर वेळ द्यावाच लागतो. जाडीच्या दर 25 मिलिमीटरला एक महिना, असा ठोकताळा आहे; म्हणजे 10 सें.मी.च्या जमिनीला चार महिने, आणि तेही कोरड्या हवेत.

चाचणीत ओल दिसली तर इपॉक्सीचा हट्ट सोडावा, असे आमचे मत आहे. अशा जमिनीला सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण पाजता येते. ते आतल्या चुन्याशी संयोग पावून सिमेंटमध्ये असतो तसाच कॅल्शियम सिलिकेटचा कठीण पदार्थ छिद्रांत तयार करते. पूड थांबते, बाष्प जात राहते. चकाकी येत नाही आणि तेलाचे डाग पुरते थांबत नाहीत, एवढी उणीव. बर्फाळ प्रदेशांत सिलेन-सिलोक्सेनचे द्रावण वापरतात. तेथे रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीच्या चाकांबरोबर गॅरेजमध्ये येते, खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरते, गोठताना ते 9 टक्क्यांनी फुगते आणि पृष्ठभागाचे टवके उडवते. हे द्रावण छिद्रांच्या भिंती पाणी न धरणाऱ्या बनवते, पण छिद्रे बुजवत नाही.

जमीन कोरडी असेल तर इपॉक्सी जरूर द्यावी; मात्र वरची कमकुवत साय आधी काढलीच पाहिजे. बाजारातील हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून ती काढण्याची पद्धत स्वस्त आहे, पण आम्हांला ती पसंत नाही. आम्लाच्या वाफा घातक, तेलाच्या डागावर त्याचा परिणाम नाही, आणि नीट धुतले नाही तर मागे राहणारे क्लोराइड आतल्या सळ्यांना गंज चढवते. घासाईचे यंत्र बरे. त्याला धूळ ओढून घेणारी नळी हवी आणि तोंडावर चांगला मास्क हवा, कारण वाळूची सूक्ष्म धूळ फुप्फुसात कायमची बसते.

थर देण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी कोबा तापत जातो, छिद्रांतील हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढत बाहेर पडते. दुपार कलल्यावर कोबा निवत असतो. तेव्हा हवा आकुंचन पावते आणि रेझीन आत ओढले जाते. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त असावे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारे दव थराखाली अडकते. रेझीन आणि हार्डनर एकत्र केले की उष्णता बाहेर पडू लागते. डब्यात ती साठून मिश्रण बघता बघता घट्ट होते, म्हणून कालवल्याबरोबर ते जमिनीवर पसरावे. हार्डनर त्वचेला लागू देऊ नये, हातमोजे आवश्यक. दारातून ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळी पडते, तेथे वर पॉलियुरेथेनचा हात द्यावा. थर पुरता पक्का होण्याआधी गाडी आत घेतली तर तापलेली चाके निवताना त्याला पकडून उचलतात. निदान आठवडाभर गाडी बाहेर उभी करावी.

प्लॅस्टिकची चाचणी मे महिन्यात कोरडी आली म्हणून निर्धास्त राहू नये. आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येते. शाळेच्या व्हरांड्यात तीन-चार जागा खुणा करून ठेवाव्यात आणि त्याच जागी जून ते नोव्हेंबर दर महिन्याला ही चाचणी करून तारीख, पाऊस आणि दिसलेली ओल यांची नोंद विद्यार्थ्यांकडून ठेवून घ्यावी.