चाकावरचा आकडा



कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव पाहून मी संपाविषयी किंवा वेतनाविषयी बोलणार, असे पुष्कळांना वाटले असेल. आज मी फटफटीच्या चाकाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण प्रथम सांगतो.

कारखान्यांच्या दाराशी द्वारसभा घेण्यात माझी तीस वर्षे गेली. पूर्वी पाळी सुटली की सायकलींची रांग लागे. आता मोटारसायकलींची लागते. आमच्यातल्या एका तरुण कामगाराने पहिल्या बोनसातून मागच्या चाकाला रुंद टायर बसवला, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा. रिम मात्र मूळचीच, अरुंद. पहिल्याच पावसात रात्रपाळीहून परतताना वळणावर गाडी घसरली. मांडीचे हाड मोडले आणि चार महिने बिनपगारी गेले. घसरण्याचे सारे खापर टायरवर फोडता येणार नाही. रस्ता ओला होता. पण रजेचे कागद करायला मी त्याच्या घरी बसलो असता त्याने विचारले, “अण्णा, टायर तर मोठा होता. मग पकड वाढायला नको होती का?” मला उत्तर देता आले नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि जाणत्या माणसांच्या पायाशी बसून झाले. याही प्रश्नासाठी तोच मार्ग धरला.

आधी टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचायला शिकू. समजा, १००/९०-१७ ५५पी असे लिहिले आहे. १०० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे त्याची उंची रुंदीच्या शेकडा ९०, म्हणजे ९० मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास, इंचांत. ५५ या सांकेतिक आकड्याचा अर्थ २१८ किलो भार, आणि ‘पी’चा अर्थ ताशी १५० किलोमीटर वेगाची मर्यादा. म्हणजे १७ हा आकडा सबंध चाकाचा नव्हे, नुसत्या रिमचा. या टायरसकट चाकाची उंची सुमारे ६१ सेंटीमीटर भरते. उलट २.७५-१८ हा जुन्या पद्धतीने इंचांत लिहिलेला टायर घ्या. रिम एक इंचाने मोठी, तरी चाक सुमारे ६० सेंटीमीटरच. तात्पर्य, एकच आकडा पाहून लहानमोठे ठरवू नये.

आता मोठ्या रिमचा गुण काय? चाकाचा घेर मोठा असला की ते खड्ड्यात कमी शिरते आणि दगडावरून सहज चढते. म्हणून बुलेटला वर्षानुवर्षे १९ इंची चाके होती, आणि चिखलमातीच्या शर्यतीतल्या गाड्यांना आजही पुढे २१ इंची चाक असते. शिवाय फिरणारे मोठे, जड चाक आपली दिशा सहजी सोडत नाही. गाडी सरळ व स्थिर चालते, पण वळायला आळस करते. लहान चाक चटकन वळते. मात्र खड्डा त्याला अधिक जाणवतो.

डांबरी मार्गावरच्या शर्यतीत वळणे फार आणि खड्डे नाहीत. म्हणून १९८० नंतर तेथे पुढचे चाक १६ इंचांवर आले. १९८३ च्या सुमारास होंडाच्या व्हीएफ ७५० सारख्या विकाऊ गाड्यांनीही त्याचे अनुकरण केले. पण रोजच्या रस्त्यावर ते चाक फार चंचल वाटू लागले आणि हळूहळू १७ इंचांवर तडजोड झाली. आपल्याकडे २००१ साली आलेल्या पल्सरची चाके आधी १८ इंची होती, ती पुढे १७ इंची झाली. मोटोजीपी या जागतिक शर्यतीतही १६.५ इंच सोडून २०१६ पासून १७ इंच आले.

म्हणजे शर्यतीची आणि आपली रिम आज एकाच व्यासाची असू शकते. मग फरक कशात? रिमच्या रुंदीत आणि टायरच्या रबरात. शर्यतीच्या गाडीला मागे सुमारे २०० मिलिमीटर रुंद टायर लागतो, कारण तिची प्रचंड ताकद जमिनीत उतरवायची असते. रिमही तितकीच रुंद असते. रबर मऊ असते आणि ते तापल्यावरच धरते. म्हणून शर्यतीपूर्वी विजेच्या दुलया गुंडाळून टायर ऐंशी ते शंभर अंशांपर्यंत तापवतात. थंड असताना त्याची पकड साध्या टायरहूनही वाईट. कोरड्या दिवशीच्या टायरला खाचा नसतात. पाऊस आला की तो बदलावा लागतो. शे-सव्वाशे किलोमीटर धावला की त्याचे काम संपले. आपल्याला मात्र एकाच टायरवर उन्हाळा, पावसाळा आणि हजारो किलोमीटर काढायचे असतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. जमिनीला टेकणारा भाग अपेक्षेइतका वाढत नाही. उलट वळणावर टायरची बाजू डुलते. दुसरे असे की, वळताना फटफटी झुकते. रुंद टायर झुकला की टेकणारा भाग मध्यापासून अधिक बाजूला सरकतो, म्हणून तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते. ओल्या रस्त्यावर तेवढेच महाग पडते.

म्हणून टायर बदलताना गाडीच्या पुस्तिकेतले माप घ्यावे. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळच्याहून कमी नसावे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या बरोबरीला आला की तो काढावा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. विकत घेताना ते वाचावेत. आणि हवा टायर थंड असताना तपासावी.

फटफटीला जमिनीशी बांधणाऱ्या दोन जागा, प्रत्येकी तळहाताएवढ्या. पहाटे पाळीवरून परतणारा माणूस त्यांच्याच भरवशावर घरी पोचतो. तो मुलगा आता पुन्हा कामावर येतो, गाडीला मूळच्या मापाचा टायर लावून. उद्या गाडीला किल्ली लावण्यापूर्वी आपणही एकदा खाली वाकून तो आकडा वाचावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.