दडे बसलेल्या कानात तेल नको
नंदुरबार : तोरणमाळचा घाट उतरताना कानांना दडे बसतात, विमानप्रवासानंतर हा त्रास अधिक जाणवतो. तोरणमाळ १,१०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, तर विमानातील हवेचा दाब साधारणतः १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका असतो. खाली येताना बाहेरचा दाब वाढून कानाचा पडदा आत ओढला जातो. नाकामागील भाग व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका उघडली की दाब समान होतो. त्यासाठी आवंढा गिळावा, जांभई द्यावी किंवा नाक धरून, तोंड मिटून हलकेच फुंकावे. जोर लावू नये. सर्दीत ही नलिका सुजते. अडथळा पडद्याच्या आत असल्याने तेल निरुपयोगी. पडदा फाटला असल्यास अपायकारकच. तीव्र वेदना, स्राव, चक्कर किंवा बहिरेपणा जाणवल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्वरित दाखवावे.