लावणीचं रोप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून जमिनीचा एक तुकडा जाळतात. पाऊस आला की त्याच तुकड्यात भात पेरतात. रोपं हाताला येतात न येतात तोच ती मुळासकट उपटून चिखलात लावली जातात. काही दिवस ती पिवळी पडतात. नवख्याला वाटावं, पीक गेलं! शेतकरी मात्र वाट पाहतो.

माणसाच्या श्रद्धेचंही असंच होतं का? संकटात ती जळून जाते, की रुजते?

ख्रिस्ती धर्मात या प्रश्नाचा पुष्कळ विचार झाला आहे. नव्या करारातलं याकोबाचं पत्र संकटाला परीक्षा मानतं. परीक्षेतून धीर येतो आणि धीरातून माणूस परिपक्व होतो, असं ते सांगतं. पण म्हणून दुःख ही चांगली गोष्ट आहे, असं नव्हे. जुन्या करारातला ईयोब देवालाच जाब विचारतो. मरण समोर दिसत असताना खुद्द येशूनेही ते टळावं म्हणून प्रार्थना केली. तेव्हा रडणं, तक्रार करणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हे. तीही प्रार्थनाच आहे.

याचं एक उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. पश्चिमेला भोर-वेल्ह्यात पावसाच्या धारा, तर पूर्वेला दौंड तालुक्यात कोरडं रान. तिथल्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आई-वडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेवढ्याने मन शांत झालं नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. तो सापडायला आणखी काही वर्षं जावी लागली. श्रद्धेची वाढ एका दिवसाची नसते, ती अशी.

मग १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावात शेकडोंना आसरा मिळाला. ऐन तारुण्यात जिने स्वतः उपास सोसले होते, तिला त्या मुलींची भूक कुणी समजावून सांगायला नको होती. मला वाटतं, वाढ म्हणतात ती हीच. आपल्या जखमेमुळे दुसऱ्याची जखम दिसू लागते.

परीक्षा एवढ्यावर संपली नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर काही महिन्यांनी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, रमाबाईंनी देह ठेवला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नव्हतं.

मात्र अशा गोष्टी सांगताना एक पथ्य पाळायला हवं. दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने, सवडीने शोधायचा असतो. शेजारच्या घरी कुणी गेलं असताना ‘देवाने तुमच्या भल्यासाठीच केलं’ असं आपण म्हणू नये. अशा वेळी घरचा डबा न्यावा, जवळ बसावं, आणि बोललंच तर थोडं बोलावं. प्रभुमंडळी म्हणजे नुसती रविवारची उपासना नव्हे, हेही तिचंच काम आहे.

लावणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून पाहा. एकही रोप आपणहून चिखलात उभं राहत नाही. पावसात वाकलेलं कुणीतरी माणूस ते हाताने रोवत असतं. उपटलेल्या माणसालाही असाच एखादा हात लागतो. तो हात आपला असू शकतो.