सोन्याचा नंबर ७९

आपलं जळगाव केळीसाठी आणि सोन्यासाठी प्रसिद्ध. आज आपण या दोघांमागचे नंबर समजून घेऊ.

सोनं असो की तांबं, सगळं अगदी बारीक अणूंचं बनलेलं. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन; भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉन जितके, तितका अणुअंक. पोटॅशियमचा १९, तांब्याचा २९, सोन्याचा ७९. प्रोटॉनवर धन भार, इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋण भार. म्हणून साध्या अणूत दोघांची संख्या सारखी असते.

इलेक्ट्रॉन मात्र ये-जा करतात. रावेर-यावलकडे केळीला आपण पोटॅश देतो. त्यातल्या पोटॅशियमने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. प्रोटॉन १९, इलेक्ट्रॉन १८, तरी ते पोटॅशियमच! प्रोटॉनची संख्या चुलीवर, भट्टीत किंवा ॲसिडात बदलत नाही. म्हणून ‘तांब्याचं सोनं करून देतो’ म्हणणारा फसवतोच.

दारावर दागिने उजळून देणाऱ्यांपासूनही सावध राहा. काहींच्या भांड्यात सोनं विरघळवणारं तेज ॲसिड असतं. त्यात सोन्याचा अणू तीन इलेक्ट्रॉन गमावतो आणि पाण्यात दिसेनासा होतो. पण प्रोटॉन ७९च, म्हणजे ते सोनंच. ते पाणी घेऊन जाऊन तो सोनं परत काढतो. आपली पोत चमकते, पण वजन घटतं.

म्हणून आम्ही बचत गटाच्या बैठकीत एकच सांगतो: दागिना दारावर देऊ नका. ओळखीच्या सराफाकडे जा, आणि उजळण्याआधी व नंतर समोर वजन करून घ्या.