विडीची पेढी आणि आमदारकी

शहापूर-मुरबाडच्या रानांत जी टेंभुर्णी सरपणापलीकडे सहसा कोणाच्या हिशेबात नसते, तिच्याच पानांवर पूर्व विदर्भात एक घराणे आधी धनाढ्य आणि मग सत्ताधारी झाले, ही हकीकत आपल्या भागातील बहुतेक वाचकांस अपरिचित असेल. कसारा घाट चढून सिन्नरकडे गेलेल्यास विडीचा धंदा ठाऊक असतो. गोंदियाच्या मनोहरभाई पटेलांचे प्रकरण मात्र निराळे.

१८९९ च्या दुष्काळाने देशोधडीस लागून मध्यप्रांतात रेल्वेच्या कामांवर आलेल्या गुजराती कुटुंबांना विडीच्या वेष्टनास टेंभुर्णीचे, म्हणजे तिकडच्या तेंदूचे, पान सर्वोत्तम असल्याचे उमगले, असे या धंद्याच्या इतिहासात सांगतात. १९०६ साली जन्मलेल्या मनोहरभाईंनी छोटाभाई जेठाभाई पटेल या पेढीच्या द्वारे त्याच व्यवसायात नाव कमावले.

सिगारेटच्या कारखानदाराचे, मग तो हँबुर्गचा असो वा मुंबईचा, सामर्थ्य त्याच्या यंत्रांत असते; विडीचा कारखाना मात्र ओसरीवर चालतो. सट्टेदार, म्हणजे मधला ठेकेदार, वखारीतून पान आणि तंबाखू उचलून घरोघर तोलून देतो; बाई पान भिजवून मऊ करते, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू भरून वळते, दोऱ्याने बांधते; आणि माल परत करताना सट्टेदार जी विडी 'छाट' ठरवील तिची मजुरी बुडते. गावोगाव पसरलेले सट्टेदार, मुनीम आणि पानांचे फड ज्याच्या शब्दावर चालतात, त्यास निवडणुकीसाठी निराळी फौज उभारावी लागत नाही, असे माझे मत आहे.

काँग्रेसचे मनोहरभाई गोंदियाचे आमदार झाले, आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली. महाविद्यालयांपासून वंचित अशा त्या मुलखात तिने जे उभे केले, ते निव्वळ राजकीय चातुर्य म्हणून मोडीत काढणे कृतघ्नपणाचे होईल. १९७० मध्ये ते वारले तेव्हा चिरंजीव प्रफुल्ल तेरा वर्षांचे होते. तेच १९८५ मध्ये गोंदियाचे नगराध्यक्ष, १९९१ मध्ये खासदार आणि पुढे केंद्रीय मंत्री झाले.

पेढीचे वैभव आणि संस्थेचे कार्य दोन्ही मान्य करूनही एक नोंद या चरित्रालगत केलीच पाहिजे: ज्या हातांनी विड्या वळल्या, त्यांच्या कामाच्या अटींविषयी केंद्राचा कायदा व्हावयास १९६६ साल उजाडावे लागले.