हातपाय गार पडतात तेव्हा

लाल विंचू लांबीला दोन-तीन इंचांचाच असतो. नांग्या बारीक, शेपटी मात्र जाड. मोठ्या काळ्या विंचवाचं रूप भीतिदायक, तरी माणूस मारण्याची ताकद या लहानग्यात जास्त. जांभ्याच्या गडग्यात, लाकूडफाट्यात, पेंढ्यात, दाराशी काढून ठेवलेल्या चपलेत तो दडतो. दंश बहुधा रात्री होतो आणि अंधारात हात घालणाऱ्यालाच होतो. म्हणून हा आजार शेतकऱ्याचा, मजुराचा आणि त्यांच्या मुलांचा आहे.

गावोगावी विंचू उतरवणारे असत आणि त्यांचा लौकिक टिकून राही. याचं कारण सरळ आहे. बहुतेक दंशांत नुसती वेदना होते. माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळपर्यंत कळ आपोआप ओसरते. जीवघेण्या दंशात दंशाच्या जागी फारसं दुखत नाही, असं अनेकदा दिसतं. रोगी ओरडत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि मोलाचे पहिले दोन-तीन तास तिथेच जातात.

1961 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंडले यांनी विंचूदंशाच्या रुग्णांविषयी लिहिलं होतं. फुप्फुसात पाणी भरून माणसं दगावतात हे तेव्हाच नोंदलं गेलं होतं. पण उपचाराची दिशा ठरली नव्हती. वेदनाशामक, गुंगीची इंजेक्शनं, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन असं बरंच काही दिलं जाई. दवाखान्यात पोहोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा ही अशी स्थिती होती. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शेतकरी घरातले, नागपूरला शिकलेले. त्यांनी केलेलं पहिलं काम ऐकायला साधं वाटतं: ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि काय काय होतं ते तासातासाने लिहीत गेले. मला या साऱ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. औषध नंतर सापडलं. आजाराचा क्रम आधी डोळ्यांनी पाहावा लागला.

तो क्रम असा. आधी उलट्या, अंगभर दरदरून घाम, तोंडाला लाळ, पुरुषांत आणि लहान मुलग्यांत लिंगाला सतत ताठरता. मग हातपाय थंडगार, रक्तदाब चढलेला, नाडी वेगात. काही तासांनी धाप, खोकला, तोंडाला गुलाबी फेस. घाम, उलटी आणि ताठरता ही लक्षणं म्हणजे पुढे हृदयावर बेतणार याची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. निदानासाठी रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप आणि रुग्णाच्या तळपायाला लावलेला हात एवढं पुरत होतं.

हे घडतं कसं? विष मज्जातंतूंच्या पेशींवरच्या सोडियमच्या वाटा नीट मिटू देत नाही. तंतू थांबायचं विसरतात आणि शरीरभर अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. क्रम एकदा समजला की उत्तर त्यातच दिसतं: वाहिन्या सैल करायला हव्यात.

आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं गेलं आणि फुप्फुसात पाणी भरलेली माणसं त्याने वाचली. पण हे औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचं, उजेडापासून झाकायचं, दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजायचा. महाडला ते कसंबसं जमेल. डोंगरापलीकडच्या वाडीत जिथे वीजही धड नाही, तिथे कुठून जमणार? म्हणून शोध पुढे गेला तो गोळीकडे. प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध. अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं वाहिन्यांना ज्या ठिकाणी आवळतात, नेमकं तेच ठिकाण ते अडवतं. त्याचे निष्कर्ष 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय उबदार होईपर्यंत. रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण उठवलं तर रक्तदाब एकदम पडू शकतो. उलटी-घामाने गेलेलं पाणी तोंडाने भरून काढायचं. उपचार पुरा झाला की नाही, हेही पुन्हा तळपायच सांगतो.

या गोळीने मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. वाद मात्र संपला नाही, आणि संपायलाही नको होता. मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती यांनी विषामुळे इन्सुलिन दबतं यावर भर देऊन इन्सुलिन-ग्लुकोजचा मार्ग मांडला. दुसरीकडे मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविष लस तयार झाली. लस आली, मग गोळीचं काय? बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी आपल्याच उपचाराला कसोटीवर लावलं. सत्तर रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि लस. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल आला: लस मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरच्या 35 पैकी 8. स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचाराची मर्यादा स्वतःच आकड्यांत मांडणारे डॉक्टर विरळाच. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लस रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करते. मात्र विषाने उठवलेलं वादळ आधीच सुरू झालेलं असेल तर ते शांत करायला प्राझोसिनच लागतं. लसीला थंड जागा लागते आणि अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया आल्यास ती हाताळू शकणारा डॉक्टर लागतो. गोळी मात्र उपकेंद्राच्या कपाटातही राहते. म्हणून दंश होऊन घाम-उलट्या सुरू झालेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करण्याआधी, जवळच्या आरोग्य केंद्रातच डॉक्टरांनी पहिली मात्रा द्यावी आणि लसीची वाट पाहत ती लांबवू नये.